आजीच्या घरी उतरलेले पर्यटक



स्नेहमेळाव्याच्या नावनोंदणीचा गुगल फॉर्म माझ्याकडे होता. त्यात ‘कुठून येणार?’ असा एक रकाना होता. उत्तरांत बारामती, इंदापूर, भवानीनगर, वालचंदनगर ही नावे होतीच, पण त्याहून जास्त वेळा पुणे आणि पिंपरी-चिंचवड होते. अधूनमधून बेंगळुरू, दुबई, लंडन होते आणि माझे स्वतःचे न्यू जर्सी. पुढचा रकाना होता, ‘मुक्काम कुठे?’ तिथे जवळजवळ सगळ्यांचे उत्तर सारखेच होते. कुणी ‘आईकडे’ लिहिले, कुणी ‘भावाकडे’, आणि एकाने ‘सासुरवाडी’ लिहून पुढे हसरा चेहरा टाकला.

हे दोन रकाने शेजारी ठेवून पाहताना या लेखाचा विषय सुचला. आपल्या बारामती-इंदापूरच्या इतिहासात राजे, कवी, कालवे आणि कारखाने यांच्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. गाव सोडून गेलेली माणसे पुन्हा पुन्हा गावाकडे येतात, त्या येण्याचाही एक इतिहास आहे आणि त्यावर इथल्या अनेकांची चूल पेटते. तो आपण सहसा मांडत नाही, म्हणून हा प्रयत्न. इतिहास हा माझा विषय नाही. रोजचे काम संगणकाचे आहे, त्यामुळे मांडणीत थोडा हिशेबीपणा दिसला तर सांभाळून घ्यावे.

पर्यटक कोणाला म्हणायचे?

पर्यटक म्हटला की गळ्यात कॅमेरा, हातात नकाशा आणि हॉटेलात मुक्काम असे चित्र डोळ्यांपुढे येते. आईच्या हातची बाजरीची भाकरी खायला आलेल्या मुलीला कुणी पर्यटक म्हणत नाही. म्हटले तर तिला रागच येईल. पण संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक पर्यटन संघटनेची व्याख्या वेगळी आहे. आपल्या नेहमीच्या परिसराबाहेर, एक वर्षाहून कमी काळासाठी, तिथे नोकरी धरण्याखेरीज इतर कोणत्याही कारणाने गेलेला माणूस या व्याख्येत बसतो. त्याने तिथे एक रात्र काढली की तो पर्यटक झाला. नातेवाइकांना आणि मित्रांना भेटणे हे तर या व्याख्येतले एक स्वतंत्र, नाव घेऊन नोंदवलेले कारण आहे. म्हणजे या मेळाव्याला बाहेरगावाहून येऊन मुक्काम करणारे आपण सगळे कागदोपत्री पर्यटक आहोत.

भारत सरकारच्या मोजणीत ही गोष्ट उशिरा आली. पूर्वी परदेशी पारपत्रावर येणाऱ्यांचीच गणती ‘परदेशी पर्यटक’ म्हणून होई. २०१४ पासून अनिवासी भारतीयांच्या फेऱ्याही आंतरराष्ट्रीय पर्यटकांच्या आकड्यात धरल्या जाऊ लागल्या. त्या वर्षी त्यांची संख्या सुमारे ५४ लाख होती. कोविडच्या आदल्या वर्षी, म्हणजे २०१९ साली, परदेशी पर्यटक सुमारे १ कोटी ९ लाख आले आणि अनिवासी भारतीय सुमारे ७० लाख. बाहेरून आलेल्या दर दहा जणांत जवळजवळ चार जण आपल्याच देशात परतलेले होते. पहिल्या आकड्यातही आपली माणसे लपलेली असतातच. माझे पारपत्र भारतीय आहे, माझ्या मुलीचे अमेरिकी. आम्ही दोघी एकाच विमानातून उतरतो आणि बारामतीत एकाच आजीच्या घरी जातो, पण सरकारी तक्त्यात मी एका रकान्यात असते आणि ती दुसऱ्या.

पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. देशांतर्गत पर्यटकांचे आकडे मुख्यतः हॉटेल, लॉज, धर्मशाळा अशा मुक्कामाच्या ठिकाणांहून गोळा होतात. जो आईकडे उतरला, तो त्यात सापडतच नाही. त्याने भरलेले पेट्रोल, देवाला वाहिलेला नारळ, भाच्यांना घेतलेले कपडे आणि परत जाताना डिकीत भरलेली ज्वारी हा सगळा खर्च गावात होतो, पण तो करणारा माणूस नोंदीत नसतो.

देवाच्या निमित्ताने

आपल्याकडे ही ये-जा विमानांपासून सुरू झालेली नाही. पुणे जिल्ह्याच्या नकाशावर आग्नेयेला एक निमुळते टोक दिसते. तिथे नीरा आणि भीमा या नद्यांचा संगम आहे आणि संगमावर इंदापूर तालुक्यातले नीरा नरसिंहपूर आहे. लक्ष्मी-नृसिंहाचे तिथले भव्य दगडी देवालय १८ व्या शतकात पेशव्यांचे सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांच्याकडून उभे राहिले. अनेक घराण्यांचे हे कुलदैवत आहे. मराठी माणसे चाकरीसाठी, फौजेबरोबर आणि व्यापारासाठी बाहेर पडली आणि ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे अशा ठिकाणी स्थायिक झाली. पुढच्या पिढ्या मुंबईला गेल्या, त्यानंतरच्या परदेशात. तरी लग्न झाले, मूल झाले की एकदा देवाला जाऊन यायचे हा रिवाज राहिला. वैशाख शुद्ध चतुर्दशीला नृसिंह जयंतीचा उत्सव असतो. तेव्हा संगमाच्या घाटावर उभे राहून नुसती बोली ऐकली तरी कोण कुठून आले आहे याचा अंदाज येतो.

यात एक बारकावा आहे आणि तो या लेखात पुढेही लागणार आहे. नरसिंहपूरला येणाऱ्या बहुतेक कुटुंबांचे त्या गावात आता घर नसते, जमीन नसते आणि चुलतभाऊही नसतो. नाते उरलेले असते ते देवाशी आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या घराण्याचे कुलाचार करणाऱ्या पुजाऱ्याच्या घराशी. तेवढ्यावर ही ये-जा टिकून आहे.

बारामती तालुक्यातले मोरगाव हे अष्टविनायकांतले पहिले स्थान. तिथे येणाऱ्यांत आज गाड्या भरून आलेले अनोळखी भाविक जास्त असतात. पण आपल्या भागातल्या कितीतरी घरांत बाहेरगावचा मुलगा आला की आधी मोरगाव, मग घर असा क्रम असतो. आणि पालखी तर आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. तुकोबांच्या पालखीचा सोहळा त्यांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली सुरू केला असे मानतात. देहूहून निघालेली ही पालखी उंडवडी, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असा मार्ग चालून सराटीला नीरेच्या काठी येते आणि पलीकडे सोलापूर जिल्ह्यात जाते. काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचे रिंगण, बेलवाडीला घोड्याचे गोल रिंगण. आपण शाळेत असताना पालखीच्या दिवशी वर्गात कुणाचेच लक्ष नसायचे. पुण्याला गेलेले काका-आत्या त्या दिवशी हमखास घरी असायचे आणि पंक्ती उठायच्या. त्याला आपण पर्यटन म्हणत नव्हतो, पण दुकानदाराच्या गल्ल्यात आणि एसटीच्या तिकिटात ते दिसत होतेच.

दुष्काळ, रेल्वे आणि कालवा

बारामती हे तसे बाहेरून आलेल्यांनी घडवलेले गाव. कवी मोरोपंत १७२९ साली पन्हाळ्यावर जन्मले. बारामतीला ते बाबूजी नाईकांच्या आश्रयाने आले आणि १७९४ साली इथेच वारले. कऱ्हेकाठचा नाईकांचा वाडा आपल्याला ठाऊक आहे. पण इथून बाहेर पडणाऱ्यांचीही संख्या कमी नव्हती. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळात इंदापूर आणि त्या वेळचा भीमथडी तालुका होरपळून निघाला. आजची बारामती तेव्हा भीमथडीत होती. माणसे गुरे घेऊन चारापाण्याच्या शोधात दूर गेली. काही परतली, काही तिकडचीच झाली.

जाणे आणि येणे यांना वेळापत्रक दिले ते रेल्वेने. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा पुण्यापुढचा रस्ता १८५८ साली डिकसळपर्यंत पोहोचला आणि काही महिने इंदापूर तालुक्यातले हे छोटे गाव रेल्वेचे शेवटचे ठाणे होते. बारामतीला रेल्वे आली १९१४ साली, दौंडहून अरुंद रुळांवरची. त्याआधी बाहेर गेलेला माणूस एकदा गेला की गेला. आता तो सणाला, जत्रेला आणि पेरणीला येऊ शकत होता.

कोकणात या येण्याला ‘चाकरमानी’ हा शब्दच मिळाला. मुंबईच्या गिरणीत राबणारा माणूस गणपतीला आणि शिमग्याला गावी जाणारच, आणि गाव वर्षभर त्याची वाट बघणार. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, तेव्हापासून गणपतीच्या जादा गाड्या ही दरवर्षीची बातमी आहे. आज कोकणात जी घरगुती निवासाची सोय आणि खानावळी दिसतात, त्यांच्या कितीतरी आधीपासून चाकरमान्याच्या दहा दिवसांवर तिथला वाणी, मूर्तिकार, भजनी मंडळ आणि रिक्षावाला जगत होता.

आपल्याकडे असा शब्द पडला नाही. त्याचे एक कारण कालवा असावा असे मला वाटते. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला आणि बारामती-इंदापूरच्या एका पट्ट्यात ऊस आला. मग उलटाच प्रवाह सुरू झाला. सासवडकडचे माळी शेतकरी कालव्याकाठी जमिनी खंडाने घेऊन ऊस पिकवू लागले. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी कळंबजवळ साखर कारखाना आणि वालचंदनगर उभे केले, तिथे तर देशाच्या कानाकोपऱ्यातून कामगार आणि तंत्रज्ञ आले. पाण्याखालच्या गावांनी माणसे ओढून घेतली. सुप्याकडच्या, लोणी भापकरकडच्या जिरायती पट्ट्यातली माणसे मात्र बाहेर पडत राहिली. एकाच तालुक्यात एक गाव पाहुणे घेणारे आणि दुसरे पाहुणे पाठवणारे. आपल्या वर्गातही हे होते. जिरायती भागातल्या मुलांचे वडील बहुतेक पुण्याला किंवा मुंबईला नोकरीला असत आणि सुट्टीत घरी येत.

पाण्याखाली गेलेले माहेर

स्थलांतर नेहमी आपल्या मर्जीने होत नाही. भीमेवर उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. सुमारे ११७ टीएमसी क्षमतेचे हे धरण, त्याच्या जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. भिंत सोलापूर जिल्ह्यात, पण पाणी मागे पसरले ते इंदापूर, करमाळा आणि दौंड तालुक्यांतल्या गावांवर. आपल्या बरोबरीच्या इंदापूरकडच्या कित्येकांच्या घरात ‘जुने गाव’ हा शब्द असायचा. आपल्याला वाटायचे, गावाचा जुना भाग असेल. तो भाग पाण्याखाली होता हे पुष्कळ उशिरा कळले.

पळसदेव हे त्यांतले सर्वांत ठळक उदाहरण. नवे गाव पुणे-सोलापूर रस्त्यावर वसले. जुन्या गावातले पळसनाथाचे दगडी देऊळ मात्र जागच्या जागी राहिले. धरण भरले की ते पाण्यात जाते, तेव्हा फार तर शिखर दिसते. पाऊसमान कमी झालेल्या वर्षी उन्हाळ्यात पाणी उतरते आणि अख्खे देऊळ उघडे पडते. २०२४ च्या उन्हाळ्यात ते असेच दिसले आणि वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली. मग पुण्याहून गाड्या निघाल्या.

पण या गाड्यांच्या आधीपासून तिथे कोण जात होते? ज्यांचे गाव गेले ते. देऊळ उघडे पडले की म्हातारी माणसे नातवंडांना घेऊन चिखल तुडवत तिथे जात. इथे आपला वाडा होता, इथे चावडी, इथून नदीवर पाण्याला जायचो, अशी रिकाम्या जागेवर बोट ठेवून माहिती देत. माझ्या एका मैत्रिणीची आजी देवळाच्या पायरीवर बसून राहायची आणि उठवल्याशिवाय उठायची नाही. छायाचित्र काढायला आलेल्या पर्यटकाला तिथे एक सुंदर जुने मंदिर दिसते. आजीला माहेर दिसत होते. ती बाराही महिने शोधत नव्हती, पण देऊळ वर आले आहे हे गावोगाव तोंडी पोहोचवणारी पहिली माणसे तिच्यासारखीच होती. ‘लुप्त मंदिर’ म्हणून आज जे स्थळ प्रसिद्ध होत आहे, त्याचे पहिले यात्रेकरू आणि पहिले वाटाडे विस्थापितच होते.

त्याच पाण्याने दुसरीही एक गोष्ट केली. भिगवण, डिकसळ, कुंभारगाव या बाजूला उथळ पाणी आणि चिखलाची दलदल तयार झाली. हिवाळ्यात तिथे परदेशी पक्षी येऊ लागले. रोहित म्हणजे फ्लेमिंगो सर्वांना माहीत आहेत, पण पट्टकादंब हंस, चक्रवाक, थापट्या बदक हेही येतात आणि चित्रबलाकांचे थवे दिसतात. आधी फक्त पक्षीनिरीक्षक येत, मग छायाचित्रकार आले, मग कुटुंबे. मासेमारी करणाऱ्यांनी आपल्या होड्यांतून पाहुण्यांना फिरवायला सुरुवात केली. होडी चालवणारा आज लांबवरून पक्षी ओळखतो आणि त्याचे इंग्रजी नावही सांगतो. काहींनी घरातच राहण्याची सोय केली आहे, जेवायला चिलापीचे कालवण आणि भाकरी. हे शिक्षण त्यांना कुठल्या संस्थेने दिले नाही. पाहुण्यांनी विचारले आणि ते शिकत गेले.

इंजिनिअर झालेली पिढी

१९८३ साली महाराष्ट्र सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. आपण दहावीला पोहोचेपर्यंत तालुक्याच्या गावातल्या मुलीनेही इंजिनिअर व्हायचे ठरवणे ही नवलाई राहिली नव्हती. मग २००० च्या आगेमागे संगणकाच्या कामाची लाट आली आणि आपल्यातले बरेच जण पुण्याहून थेट परदेशी गेले. रेल्वेने मुंबईला गेलेल्या पिढीहून ही पिढी एका बाबतीत वेगळी होती. आपण नोकरीपुरते गेलो नाही, मुलांसह तिकडे राहिलो. त्यामुळे आपल्या फेऱ्या आपल्या सणांवर ठरत नाहीत, मुलांच्या शाळांच्या सुट्ट्यांवर ठरतात. दिवाळीला तिकडे सुट्टी नसते.

मात्र आपल्या दोन तालुक्यांपुरता एक योग चांगला जुळतो. अमेरिकेतल्या शाळांची उन्हाळी सुट्टी जूनमध्ये सुरू होते आणि पालखी साधारण जून-जुलैतच आपल्या भागातून जाते. नाताळची सुट्टी डिसेंबरच्या अखेरीस येते, तेव्हा शेतात हुरडा असतो आणि भिगवणला पक्षी यायला लागलेले असतात. माझ्या मुलीला भारतातले सण फारसे अनुभवायला मिळाले नाहीत, पण तिने काटेवाडीचे रिंगण दोनदा पाहिले आहे.

याच काळात आपल्याच तालुक्यात एक नवी कल्पना रुजली. संगणक क्षेत्रात काम केलेले पांडुरंग तावरे यांनी २००४-०५ च्या सुमारास बारामती तालुक्यातल्या पळशीवाडीला कृषी पर्यटनाचा प्रयोग सुरू केला. शहरातल्या माणसाने शेतकऱ्याकडे पैसे देऊन राहायचे, पिठले-भाकरी खायची, बैलगाडीत बसायचे, पिके पाहायची. ज्या गोष्टी आपल्याला मामाकडे फुकट मिळत होत्या, त्यांचे पैसे कोण देईल, असे तेव्हा अनेकांना वाटले असेल. पण शहरात वाढलेल्या मुलांची एक पिढी अशी तयार झाली होती, जिला मामा होता, पण मामाही शहरातच होता. पुढे ही कल्पना राज्यभर पसरली आणि २०२० साली महाराष्ट्र सरकारने कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. माझ्या दृष्टीने यात महत्त्वाची गोष्ट ही की हे पाहुणे परके नव्हते. एक-दोन पिढ्यांपूर्वी गाव सोडलेल्यांचीच ती मुले-नातवंडे होती.

नातेवाईक नसतील तेव्हा

नावनोंदणीच्या फॉर्मवर एका वर्गमित्राने मुक्कामासाठी लॉजचे नाव लिहिले होते. त्याचे आईवडील पाठोपाठ गेले आणि घर विकले गेले. मी त्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, “मेळावा नसता तर मी आलोच नसतो गं. कोणाकडे येऊ?”

हा प्रश्न आपल्या सगळ्यांच्या दाराशी उभा आहे. माझे वडील आता नाहीत. आई बारामतीच्या घरात एकटी राहते आणि दर फोनवर विचारते, कधी येणार? आपण चाळिशी ओलांडली आहे. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत आपल्यातल्या बहुतेकांच्या बाबतीत ‘आईकडे’ हे उत्तर संपणार आहे. मग आपण येऊ का? आणि आपली मुले येतील का?

या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. अलिबागच्या परिसरातले बेने इस्रायली म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. गलबत फुटून त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले अशी त्यांची परंपरा सांगते. १९४८ साली इस्रायल हे राष्ट्र झाल्यानंतर त्यांच्यातले बहुसंख्य तिकडे गेले. अलिबागच्या इस्रायल आळीत आज त्यांची मोजकीच घरे उरली आहेत. तरीही इस्रायलमधून त्यांची मुले-नातवंडे येतात. इस्रायल आळीतल्या प्रार्थनास्थळात जातात, नवगावची स्मशानभूमी पाहतात आणि अलिबागजवळच्या खंडाळे गावातल्या एलियाहू हनावीच्या खडकापाशी जाऊन मलिद्याचा विधी करतात. भेटायला नातेवाईक नाहीत, तरी जायला जागा आहे. आपल्या नरसिंहपूरचेही तेच आहे.

दुसरे उदाहरण आयर्लंडचे. कित्येक पिढ्यांच्या स्थलांतरामुळे या देशाची माणसे मोठ्या संख्येने जगभर विखुरलेली आहेत. २०१३ साली तिथल्या सरकारने ‘द गॅदरिंग’ नावाचा वर्षभराचा उपक्रम केला. बाहेर गेलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना घरी बोलवा, एवढेच आवाहन. गावोगावच्या लोकांनी सुमारे पाच हजार कार्यक्रम केले. एका आडनावाच्या कुटुंबांची संमेलने झाली, गावजत्रा झाल्या आणि शाळांचे मेळावेही झाले. आपण आज जे करत आहोत, ते तिकडे एका देशाने वर्षभर केले. तिथल्या पर्यटन संस्थेच्या अंदाजानुसार त्यामुळे अडीच लाखांहून अधिक जादा पर्यटक आले.

दोन्ही उदाहरणांतून मला एकच गोष्ट दिसते. नातेवाईक पहिल्या पिढीला आणतात. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीला आणायला जागा लागते, तारीख लागते आणि त्या जागी आपले स्वागत करणारा कुणीतरी माणूस लागतो. देऊळ, रिंगण, पाण्यातून वर आलेली पायरी, होडी, शाळा यांतले काहीही चालते. पण तिथे दार उघडणारे कुणी असले पाहिजे.

हिशेब

मागच्या वर्षीच्या माझ्या सोळा दिवसांच्या फेरीचा खर्च मी मांडून पाहिला. सर्वांत मोठा वाटा विमान कंपनीचा, त्यानंतर पुण्यातल्या दुकानांचा आणि दवाखान्याच्या तपासण्यांचा. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत खर्च झालेली रक्कम तळाशी होती, आणि आमचे सोळांपैकी अकरा दिवस मात्र इथेच गेले होते. हा फरक कुणी भरून काढला? आईने, वहिनीने, रोज स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनी आणि दुकान सोडून आम्हाला गाडीने फिरवणाऱ्या मित्राने.

बराच काळ पर्यटनाच्या अभ्यासात घरी उतरणाऱ्या पाहुण्यांना कमी लेखले जाई, कारण ते हॉटेलचे बिल देत नाहीत. बिल नसते म्हणजे खर्च नसतो असे नाही. तो यजमानाच्या घरात होतो. या मेळाव्याचेच पाहा. मंडप, जेवण, सरांना आणि बाईंना घरून आणणे, स्मरणिकेची छपाई, हे सगळे गावात राहिलेल्या आपल्या वर्गमित्रांनी उचलले आहे. येणाऱ्यांचे कौतुक होते, ते ठीकच आहे. पण येण्याला अर्थ आहे तो इथे कुणीतरी राहिले म्हणून. आपल्या तालुक्यातला सर्वांत जुना पर्यटन व्यवसाय त्यांनी चालवला, आणि तोही फुकट.

म्हणून बाहेरून येणाऱ्यांना, म्हणजे मला धरून आपल्या सगळ्यांना, काही गोष्टी सुचवते. घरी उतरू तेव्हा घरीच उतरू. आईकडे लॉजसारखा हिशेब करायची माझी सूचना नाही. पण दर फेरीत निदान दोन दिवस आपल्याच तालुक्यात पाहुण्यासारखे पैसे देऊन राहू. कुंभारगावला एका घरात मुक्काम करू, होडीचे भाडे घासाघीस न करता देऊ, शेतावरच्या हुरड्याला जाऊ. इंदापुरात मालोजीराजांची गढी आहे, लोणी भापकरला जुनी देवळे आणि बारव आहे. आपण शाळेत असताना तिथे कधी नीट थांबलो नाही. मुलांना बरोबर नेऊ आणि त्यांना त्या जागा आपल्या आठवणींसकट दाखवू. पळसदेवच्या आजींनी तेच केले होते.

दुसरी सूचना मेळाव्याच्या समितीला. पुढचा मेळावा एका दुपारचा न ठेवता दोन रात्रींचा ठेवावा, आणि तो डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात असावा. एक दिवस शाळेत आणि एक दिवस भिगवणला. जेवणाचा आणि फिरण्याचा खर्च वर्गणीतून व्हावा, गावातल्या चार जणांच्या खिशातून होऊ नये. ज्यांचे घर आता गावात नाही, त्यांची सोय इतरांनी आपापल्या घरी करावी. लॉजवर कुणी उतरायचे नाही. माझ्या आईच्या घरी वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. आईला मी विचारून ठेवले आहे. तिचे म्हणणे एवढेच, की किती जण येणार ते दोन दिवस आधी सांगा, म्हणजे दळण करून ठेवता येईल.

आपली,
१९९६ च्या दहावीची एक विद्यार्थिनी